चोवीस इंच आणि अनुस्वारबाई

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज ऑफिसातले सगळे मॉनिटर स्वतःच्या हातांनी पुसले. साबणानं हात धुऊन झाले, तरी बोटांना वास येतोच आहे.

सकाळी मालकीणबाईंनी बोलावून घेतलं. "जुनी धुडं काढून टाका आता. सगळ्यांना नवे मॉनिटर. स्वस्त आणि मस्त बघा काहीतरी." हे 'स्वस्त आणि मस्त' ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्याच्या जिभेला फोड येवो. बजेट असं दिलंय की त्यात आतल्या मॉनिटरपेक्षा बाहेरचं खोकं बरं निघावं.

जुने विकायचे तर पुसलेले बरे, म्हणून फडकं घेऊन बसलो. एकेका पडद्यावर काय काय निघालं! शिंकेचे वाळलेले शिंतोडे, चहाचा ओघळ, तेलकट बोटांचे ठसे. मागच्या झरोक्यांत केसांचे पुंजके, आणि एका ठिकाणी झुरळाची अंडी. माणूस दिवसभर ज्याच्याकडे तोंड करून बसतो त्याच्यावरच शिंकतो, आणि तसाच बघत राहतो.

आमचं ऑफिस म्हणजे औषधांच्या बाटल्यांची लेबलं आणि खोक्यातली माहितीपत्रकं. ती जुळवायची, तपासायची आणि छापखान्याकडे धाडायची. मी व्यवस्थापक, म्हणजे साबणापासून खुर्चीपर्यंत जे कुणाला आणावंसं वाटत नाही ते आणणारा. पाठीमागे मला नाकमुरडे म्हणतात, जणू आडनावच. म्हणोत. या ऑफिसात ज्याचं नाक मुरडत नाही त्याला नाकच नसणार.

वाटलं होतं, निदान अनुस्वारबाईंचा मॉनिटर स्वच्छ निघेल. बाई आमच्या मुद्रितशोधक. आयुष्य लेबलं वाचण्यात गेलं. अनुस्वार सुटला की त्यांना म्हणे पोटात दुखतं, म्हणून हे नाव. तर त्यांच्या पडद्यावर, अगदी मधोमध, नाकाच्या शेंड्याचा ठसा! एक नाही, ठशावर ठसा. नाकानं वाचतात की काय बाई?

मी पुसत असताना त्या जवळ येऊन म्हणाल्या, "माझ्यासाठी जरा मोठा बघाल?" इतक्या वर्षांत या बाईनं कधी साधी पेन्सिल मागितली नाही, आणि आता हा हव्यास. उतारवयात माणसं लोभी होतात ते खरं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

मॉनिटरच्या दुकानात गेलो. डोकं अजून ठणकतंय.

भिंतभर मॉनिटर, आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत. मासे, फुलं, पुन्हा मासे. रंग असे की सरबताच्या पिंपात डोकं बुडवून बघतोय. विक्रेत्याच्या अंगाला अत्तराचा भपकारा. "काका, गेमिंगसाठी हवाय की सिनेमासाठी?"

"बारीक अक्षरं वाचायला."

"म्हणजे?"

"म्हणजे अक्षरं. क, ख, ग. ती वाचतात लोक."

त्याच्याकडे अक्षरं नव्हती. अख्ख्या दुकानात एक पान मजकूर नाही! मी पेनड्राइव्हवर माहितीपत्रक घेऊन गेलो होतो, ते लावायला लावलं. मग खरी तोंडं दिसली एकेकाची. एकावर अक्षरांच्या कडा उसवलेल्या. एकाकडे जरा खालून पाहिलं की पान काळवंडतं. एक इतका चकचकीत की मजकुराऐवजी माझंच थोबाड दिसलं, नाकातल्या केसांसकट. ते बघत दिवसभर काम करायचं, तर पगार दुप्पट हवा.

"काका, या बजेटात इतकं कोण बघतं?" विक्रेता म्हणाला.

इतकं कोण बघतं! सगळं जग याच एका वाक्यावर चाललंय.

शनिवार, ८ फेब्रुवारी

घरी सांगायची सोय नाही. दादा पेपर तोंडासमोर धरून "हं" म्हणतो, वहिनी ऐकते पण भलतंच ऐकते.

जेवताना सांगत होतो की बाई बावीस इंचाला तोंड वाकडं करतात, चोवीसला "बघू" म्हणतात, काय मिजास. परवा म्हणे हेडफोन मागत होत्या. आणि हल्ली जिन्यावरून उतरताना कठड्याला अशा धरून उतरतात, जणू महालातून राणीसाहेब उतरताहेत. काल माझ्या अंगावरून गेल्या, पण ओळख नाही की पाळख नाही.

वहिनी वाढता वाढता म्हणाली, "भावजी, विषय मॉनिटरचा चाललाय ना?"

"मग कशाचा?"

"काही नाही. ताट पुसून खाल्लंत आज, म्हणून विचारलं."

बायकांच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दुकानातून दोन मॉनिटर तपासायला आणले. ऑफिसात जत्रा. एरवी हाक मारली तर मान वर न करणारी माणसं घोळका करून उभी. जो तो पडद्यावर बोट टेकवून बोलतो! बोट न टेकवता दाखवता येत नाही का? चंद्र दाखवतानाही हे आभाळाला बोट लावत असतील.

मालकीणबाईंचा भाचाही उगवला. त्याला संगणकातलं सगळं कळतं, निदान तो तसं सांगत फिरतो. त्यानं स्वतःच्या ओळखीचा एक मॉनिटर सुचवला. वाकडा, केळ्यासारखा, आणि मागे निळे-जांभळे दिवे. लेबलं वाचायला! बाटल्या नाचवायच्या आहेत का?

आणलेल्या दोहोंतल्या एकावर डाव्या अंगाला मेलेल्या पिक्सेलांचा पुंजका निघाला. पांढऱ्या पानावर मोहरीएवढा काळा ठिपका. पाणी द्यायला आलेल्या मावशींनासुद्धा तो दारातून दिसला. म्हणाल्या, "माशी बसलीय का हो?" सगळ्यांत शेवटी अनुस्वारबाई आल्या. मान वाकडी करून, कोंबडी दाणा बघते तशा, कडेच्या डोळ्यानं बघत राहिल्या.

"छान आहे," म्हणाल्या.

"आणि तो ठिपका?"

"कुठला?" मग घाईघाईनं, "हो, आहे ना. चालेल तेवढा."

चालेल! एका अनुस्वारासाठी छापखान्याचं मशीन थांबवायला लावणारी बाई ठिपका चालेल म्हणते. मोठा मॉनिटर मिळणार नाही म्हणून रुसवा, दुसरं काय? लहान मूल बरं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

निवडला. चोवीस इंची, पडदा चकाकी नसलेला, कुठूनही पाहिलं तरी पान काळवंडत नाही. कंपनी फारशी कुणाला ठाऊक नाही, पण अक्षर खणखणीत. खालीवर होणारा स्टँड बजेटात बसेना, म्हणून कागदाच्या गठ्ठ्यांवर बसवणार. माना मोडून घेण्यापेक्षा बरं. जुन्या संगणकांना लागणाऱ्या केबल खोक्यात नव्हत्याच. त्या विक्रेत्याशी भांडून फुकटात काढल्या. त्याच्या अत्तराचा वास शर्टाला लागला, आणि शर्ट भिजत घालावा लागला.

एक सांगायला लाज वाटते, पण इथं कोण वाचतंय? मालकीणबाईंकडे मी अनुस्वारबाईंसाठी सत्तावीस इंची मागितला होता. म्हणाल्या, "एकीला दिला की सगळे रांगेत. आणि काय हो, त्यावर अक्षरं जाड दिसतात ना?"

हे मी बाईंना सांगितलं, की मोठ्यावर अक्षर जाड आणि भरड दिसतं, तुम्हाला आवडलंच नसतं.

"जाड दिसलं असतं तर बरंच झालं असतं," त्या म्हणाल्या.

जन्मभर बारीक अक्षरावर पोट भरलं, आणि आता भरड आवडतंय. माणसाची चव बिघडते, तशी नजरेचीही बिघडते वाटतं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सगळे मॉनिटर बसले. दोन दिवस ऑफिसात नव्या प्लास्टिकचा वास होता, तेवढेच काय ते बरे दिवस. आता कुणी कडेला चिठ्ठ्या डकवल्यात, कुणी देवाचं चित्र, आणि एकानं चघळलेलं च्युइंगगम स्टँडच्या पायाला चिकटवून ठेवलंय, जेवणानंतर पुन्हा खायला. पाहिलं आणि डबा न उघडताच परत घरी नेला.

अनुस्वारबाईंकडे डोकावलो. पडद्यावर एकच शब्द होता, 'सेवन'. हाताच्या पंजाएवढं एकेक अक्षर. मजकूर इतका फुगवून ठेवला होता की एका ओळीसाठी पडदा इकडून तिकडे दहादा सरकवायचा. मी हिंडून, भांडून आणलेला मॉनिटर, आणि बाई त्यात एक शब्द बघतात!

"चांगला आहे का?" मी विचारलं.

दचकल्याच. मग म्हणाल्या, "तुम्ही फार कष्ट घेतलेत."

विचारलं काय, उत्तर काय! आभाराचं बोलून मुद्दा टाळायची ही रीत मला आवडत नाही. तरी दुपारभर ते वाक्य कानात का राहिलं कुणास ठाऊक.

गुरुवार, ६ मार्च

लिहवत नाही, पण लिहितो.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं लेबल. औषध कंपनीनं दिलेल्या कागदावर 'एका वेळी २.५ मिली'. आमच्याकडून छापून गेलं 'एका वेळी २५ मिली'. टिंब नाही. जुळवणाऱ्याकडून निसटलं आणि तपासणीत बाईंनी 'बरोबर' म्हणून सही केली. बाटल्यांना चिकटवण्याआधी कंपनीतल्या कुणाचं तरी लक्ष गेलं, म्हणून लेबलांचे गठ्ठे नुसते परत आले. नाहीतर काय परत आलं असतं, त्याचा विचारही नको.

मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. "एवढंसं लेकरू, दहापट औषध! हे पाहिलं कुणी?"

अनुस्वारबाई उभ्या राहिल्या. चेहरा कागदासारखा. "मी पाहिलं. मला वाटलं टिंब आहे." आणि मग खाली बघत, "नव्या पडद्यावर... टिंब नीट कळत नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. भाचा म्हणाला, "मी म्हटलंच होतं, स्वस्तातला माल आहे."

केसानं गळा कापला बाईनं! ज्यांच्यासाठी मालकीणबाईंकडे शब्द टाकला, त्यांनीच. या जगात कुणाचं भलं करू नये. उद्या सगळ्यांदेखत दाखवतो, पडद्यावर टिंब दिसतं की नाही ते.

शुक्रवार, ७ मार्च

दाखवलं.

ऑफिस उघडल्या उघडल्या बाईंच्याच मॉनिटरवर तेच लेबल लावलं. दोन पानं, एकावर टिंब आहे, एकावर नाही. मालकीणबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. एकेकाला बोलावलं. सगळ्यांनी नेहमीच्या अंतरावरून, चष्म्यासकट, चष्म्याशिवाय, बरोबर सांगितलं. पाणीवाल्या मावशीही हसत सांगून गेल्या. भाच्यानंसुद्धा सांगितलं, तोंड एवढंसं करून. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू?

मग बाई आल्या. पुढे वाकल्या, मान कलती केली, नाक पडद्याला टेकायचंच राहिलं. मी टिंब नसलेलं पान लावलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या.

मी पान बदललं.

"नाही... थांबा. नाही."

पुन्हा बदललं. या वेळी त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या. मान माझ्याकडे कलती होती. माझा श्वास ऐकत होत्या. मी सुस्कारा टाकतो की रोखतो, यावरून उत्तर शोधत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रुसवा नव्हता, मिजास नव्हती. बाईंना दिसतच नाही.

मालकीणबाई म्हणाल्या, "काय झालं? सांगा की, आहे की नाही?"

मी मॉनिटरचं बटण दाबून तो बंद केला. "केबल सैल आहे याची," म्हणालो. "याच मॉनिटरची. बघतो मी."

का बोललो, कोण जाणे. मला जिंकायचं होतं. जिंकलोच होतो. पण तोंडात असं काही आलं की जणू दुसऱ्याचं उष्टं खाल्लंय.

दुपारी जिन्यात गाठलं त्यांना. "कधीपासून?"

त्यांनी कठडा धरला. "वर्ष होत आलं. आधी एका डोळ्याला होतं, दुसऱ्यावर भागत होतं. मधोमध डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं. कडेकडेचं दिसतं."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"गेले नाही."

"का?"

"गेले असते तर कळलं असतं."

माझा तोल गेला. "आणि त्या पोराच्या घशात गेलं असतं म्हणजे? तुम्हाला कळायला नको होतं, म्हणून त्यानं मरायचं?"

"ओरडू नका. माझ्या डोक्यात तेच एक चाललंय." कठडा दोन्ही हातांनी धरला त्यांनी. "एकटा जीव माझा. वाचण्याशिवाय मला येतं काय? हे गेलं की घरी बसून भिंतीकडे बघायचं, आणि भिंतसुद्धा मधोमध नसणार."

"मला मात्र पुढे केलंत. माझ्या मॉनिटरला."

"केलं. वाईट केलं." मग म्हणाल्या, "तुम्ही केबल का म्हणालात, नाकमुरडे?"

सगळे पाठीमागे म्हणतात. तोंडावर आज पहिल्यांदा कुणी म्हटलं. राग यायला हवा होता.

"सोमवारी तुम्ही सांगा," मी म्हणालो. "नाहीतर मी सांगेन. आणि तोवर एकाही लेबलावर सही करायची नाही. समोर आलं तर माझ्याकडे द्या."

त्यांनी मान हलवली. शी. रडल्यावर माणसाचं नाक किती लाल होतं! मी रुमाल दिला. धुतलेला होता.

सोमवार, १० मार्च

बाईंनी स्वतःच सांगितलं. दार लावून, मलाही बसवून घेऊन. रडल्या नाहीत. लेबलाचं, डोळ्याचं, माझ्या मॉनिटरवर ढकलल्याचं, सगळं.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता माणूस दिसेल. दिसलं ते भलतंच. म्हणाल्या, "तुमचं हे बाहेर गेलं तर गिऱ्हाईक राहील का आपल्याकडे? आंधळ्या बाईकडून लेबलं तपासून घेतो म्हणतील."

आंधळ्या बाईकडून! ती बाई समोर बसलेली असताना. कान शाबूत असताना.

मी म्हणालो, आजपासून एकानं कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं पडदा बघायचा. प्रत्येक लेबल, प्रत्येक टिंब. बाईंनी शेजारी बसून ऐकायचं. पोराला पंचवीस मिली हे ऐकूनच त्या खुर्चीतून उठल्या असत्या.

"एका कामाला तीन माणसं?"

"परत आलेले गठ्ठे रद्दीत घालायला किती लागली?"

दोघांनी वाचायचं हे कबूल झालं. बाईंचं मात्र 'आधी रजा घ्या, उपचार करा, मग बघू'. या 'मग बघू'चा अर्थ आम्हा तिघांनाही कळला.

मग मालकीणबाईंनी माझ्यादेखत औषध कंपनीला फोन लावला. "हो हो, सापडलं कारण. आमच्या माणसानं भलतेच हलके मॉनिटर आणले होते. सगळे बदलतोय. आणि यापुढे दोघं मिळून वाचणार." भाच्याची केळी येणार तर! दिव्यांसकट.

मी तोंड उघडलं की बाईंचं नाव निघणार. अनुस्वारबाई माझ्याकडे मान कलती करून बसल्या होत्या. मी तोंड उघडलं नाही. उत्तम मॉनिटर होता. या किमतीत याहून चांगला मिळत नाही, हे मी कुठेही लिहून देईन. इथं दिलं.

खोटेपणाचा इतका उबग आलाय की अंघोळ करून आलो तरी जात नाही. त्यात माझाही वाटा आहे.

बुधवार, १९ मार्च

रजा टाकून बाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांचं दुसरं कुणी नाही, म्हणून. बाकी काही नाही.

बसायच्या खुर्च्या चिकट. कोपऱ्यात थुंकलेलं. एक गृहस्थ डोळ्यातलं पुसून बोटं खुर्चीला पुसत होता. मी वर्तमानपत्र पसरून त्यावर बाईंना बसवलं आणि स्वतः उभा राहिलो.

डॉक्टरांनी तपासलं. उजव्या डोळ्याची मधली नजर गेलीय, ती येत नाही. डावा धरून ठेवता येईल, इंजेक्शनं घेतली तर. "कुठं घ्यायची?" मी विचारलं. "डोळ्यातच." मला तिथंच भोवळ आली आणि नर्सनं खुर्ची दिली. बाई मात्र शांत. "कधी सुरू करू या?" एवढंच म्हणाल्या.

"आधी यायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "मला जाणून घ्यायचं नव्हतं."

पहिलं इंजेक्शन आजच. बाहेर नंबराची वाट बघत बसलो. बाईंनी पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं. काही सुचेना, म्हणून समोरच्या भिंतीवरची पाटी मोठ्यानं वाचायला लागलो. "'रुग्नांनी शांतता पाळावी.'"

"काय?"

"'रुग्नांनी'."

"न?"

"नळातला न."

"बाणातला ण हवा!" बाई ताठ बसल्या. "पुढे वाचा."

वाचलं. चार ओळींत पाच चुका निघाल्या. एक मला वाचताना कळलीच नव्हती. ती त्यांनी माझ्या उच्चारावरून पकडली आणि मला परत वाचायला लावलं. आजूबाजूचे लोक बघत होते. शेवटी मी पेन काढून पाटीवर दुरुस्ती करायला लागलो, तर नर्स धावत आली. "अहो काका, काय चाललंय?"

"तुमचा ण दुरुस्त करतोय," मी म्हणालो, आणि बाई हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मग त्यांचा नंबर आला आणि त्या आत गेल्या. मी पाटीसमोर उभा राहिलो, दार उघडेपर्यंत.

परतताना डोळ्याला पट्टी. जिना उतरताना त्यांनी माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली. रस्ता ओलांडला तरी धरलेलीच होती. पुढच्या वेळी येताना काहीतरी वाचायला आणा म्हणाल्या, लेबलं सोडून काहीही.

बाही पार चुरगळली. त्यावर औषधाचा पिवळा डाग पडला आणि दवाखान्याचा वास बसलाय. बाहेरचा शर्ट अंगावर ठेवून मी कधी जेवायला बसत नाही. आज तसाच बसलो. वहिनीनं बाहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाढत राहिली.